परराज्यातून रानटी बायसनच्या टॅगसाठी अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोजक्या राज्यांत आणि अलास्कात रानटी बायसनची (वशिंड असलेलं, दाट लोकरीचं तिथलं रानजनावर) शिकार आजही कायदेशीर आहे. तिचा टॅग मात्र दुकानात मिळत नाही, सोडतीतून मिळतो. इकडे स्थायिक झालेल्या आणि शिकारीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत. माझं एक म्हणणं जवळजवळ प्रत्येक उत्तरात डोकावेल, ते आधीच सांगतो. "टॅग लागेल का?" हा प्रश्न दुय्यम आहे. "लागला तर एवढं अवाढव्य जनावर मी नीट मारू शकेन का, आणि त्याचं मांस नासू न देता डोंगरावरून खाली आणू शकेन का?" याचं उत्तर अर्ज भरायच्या आधी मिळायला हवं.

परवाना आणि टॅग यांत फरक काय?

परवाना म्हणजे त्या राज्यात शिकार करायची सर्वसाधारण मुभा. टॅग म्हणजे ठरावीक हंगामात, ठरावीक भागात, ठरावीक प्रकारचं एकच जनावर मारायचा हक्क. हरणाचे टॅग काही राज्यांत काउंटरवर मिळतात, बायसनचे मिळत नाहीत. एकेका हंगामाला कधी दोन-चार, कधी काही डझन टॅग असतात आणि अर्ज हजारोंनी येतात. म्हाडाच्या घरांच्या सोडतीसारखंच समजा: पात्रता, कोटा, शुल्क, आणि शेवटी संगणकाने काढलेला क्रमांक.

मी 'नॉन-रेसिडेंट' आहे का? माझ्याकडे तर ग्रीन कार्ड आहे.

इथे 'रेसिडेंट' हा शब्द राज्यापुरता आहे, देशाशी त्याचा संबंध नाही. टेक्सासात वीस वर्षं राहिलेला अमेरिकन नागरिकसुद्धा युटासाठी नॉन-रेसिडेंटच असतो. रहिवासी ठरायला युटा आणि ॲरिझोनात सहा महिने, माँटानात १८० दिवस, वायोमिंग आणि अलास्कात सलग एक वर्ष राहावं लागतं. त्यासोबत इतर अटीही असतात, म्हणजे मतदार नोंदणी, वाहन परवाना, कर त्याच राज्यात असणं वगैरे. भावाचा फिनिक्सचा पत्ता टाकून स्वतःला रहिवासी दाखवू नका. तो गुन्हा आहे, आणि अशा टॅगवर मारलेलं जनावर राज्याबाहेर नेलं की बेकायदा मारलेल्या जनावरांची वाहतूक रोखणारा १९०० सालचा संघीय लेसी कायदाही लागू होतो.

अलास्काचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे 'नॉन-रेसिडेंट एलियन' हा तिसरा वर्ग आहे: ज्यांचं नागरिकत्वही परदेशी आणि कायमचं घरही परदेशात. त्यांना बायसनसह कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीला परवानाधारक गाइड घ्यावाच लागतो. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला बायसनसाठी ही सक्ती नाही.

मी एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर आहे. बंदूक हातात घेता येते का?

हे उत्तर दोनदा वाचा, कारण चूक झाली तर टॅगसोबत व्हिसाही जातो.

संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. या बंदीला काही अपवाद आहेत आणि त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो जवळ असेल तर बंदी लागू होत नाही. ज्या दिवशी त्याची मुदत संपते त्या दिवशी अपवादही संपतो. म्हणून आधी परवाना, मग बंदूक, हा क्रम कधी मोडू नका. "मित्राची रायफल आहे, रेंजवर दोन गोळ्याच तर झाडायच्यात" असं म्हणून परवान्याआधी ती हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. राज्यांचे आणि शहरांचे वेगळे नियम या सगळ्याच्या वर असतात. मनात थोडी जरी शंका असली तरी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा. त्याची फी टॅगच्या मानाने काहीच नसते.

भारतातून स्वतःची बंदूक घेऊन यायची असेल तर अमेरिकेच्या बंदूक नियंत्रण खात्याची आयात परवानगी आधी घ्यावी लागते. माझ्या मते त्या भानगडीत पडू नये. गाइडकडे रायफल भाड्याने किंवा वापरायला मिळते.

टॅग इतके कमी का?

कारण हे जनावर जवळजवळ संपलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत काही कोटी बायसन होते. कातडीचा बाजार, रेल्वे, आणि मैदानी आदिवासी समाजांचं अन्न तोडून त्यांना शरण आणायचं धोरण, या सगळ्यांनी मिळून १८८० च्या दशकाअखेर ही संख्या हजाराच्याही खाली आणली. १९०२ च्या सुमारास यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने अमेरिकन बायसन सोसायटी स्थापन झाली आणि पैदास करून कळप पुन्हा उभे राहिले. २०१६ मध्ये बायसनला देशाचा राष्ट्रीय सस्तन प्राणी घोषित केलं गेलं.

आज देशात बायसन लाखोंनी आहेत, पण त्यांतले बहुतेक खासगी कुरणांवर मांसासाठी पाळलेले आहेत. खऱ्या अर्थाने मोकळे फिरणारे कळप बोटांवर मोजण्याएवढे. त्यांना पुरेल एवढीच जमीन राखलेली असते, त्यामुळे कळपाचा आकार ठरवून ठेवावा लागतो. शिकारीचे टॅग त्या हिशेबातून निघतात. या जनावरांच्या वाट्याला जे आलं ते माहीत असलेल्या माणसानेच टॅग मागावा, असं मला मनापासून वाटतं.

कोणत्या राज्यात अर्ज करावा?

युटा माझी पहिली पसंती, कारण हेन्री माउंटन्स. १९४१ मध्ये यलोस्टोनमधून १८ बायसन आणून रॉबर्स रूस्टच्या वाळवंटात सोडले होते. पुढे त्या कळपाने स्वतःच मुक्काम हलवला आणि १९६० च्या दशकात तो हेन्री डोंगररांगेत स्थिरावला. गाईंचं रक्त न मिसळलेल्या मोजक्या मोकळ्या कळपांत त्याची गणना होत आली आहे. डोंगर कोरडा, चढ उभे, माउंट एलनचा माथा साडेतीन हजार मीटरवर, जवळचं गाव म्हणजे चिमुकलं हँक्सव्हिल. इथले बायसन माणसाची चाहूल लागली की दरी ओलांडून जातात. बायसन म्हणजे रस्त्याकडेला उभं असलेलं मठ्ठ जनावर, अशी ज्याची समजूत असेल त्याची ती इथे पहिल्याच दिवशी मोडते. त्याच राज्यात बुक क्लिफ्सचा कळप आहे, आणि ग्रेट सॉल्ट लेकमधल्या अँटेलोप आयलंडवरही १८९३ साली आणलेल्या १२ बायसनांपासून वाढलेला कळप आहे. युटात बायसनचा टॅग आयुष्यात एकदाच मिळतो.

ॲरिझोनात हाउस रॉक व्हॅली आणि फ्लॅगस्टाफच्या पूर्वेचं रेमंड ही दोन क्षेत्रं आहेत. हाउस रॉकच्या कळपाचं मूळ 'बफेलो' जोन्स याने १९०६ मध्ये आणलेल्या जनावरांत आहे. अडचण अशी की हा कळप गेल्या काही दशकांत कैबाब पठारावर चढून ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाऊन बसला, आणि उद्यानात शिकार चालत नाही. त्यामुळे टॅग हातात असूनही शिकारी सीमेबाहेर दिवसच्या दिवस वाट पाहतात. वेळ आणि चिकाटी दोन्ही असतील तरच हा हंगाम निवडा.

अलास्कात डेल्टा जंक्शनचा कळप सर्वांत प्रसिद्ध. १९२८ मध्ये माँटानाहून २३ बायसन तिथे नेले होते, हे त्यांचे वंशज. आसपास शेती आहे, जमीन बरीचशी सपाट आहे आणि रस्ता जवळ आहे. थंडी मात्र जीवघेणी असते, आणि शेतात शिरायचं तर मालकाची परवानगी लागते.

वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळचा कळप आहे, सुमारे ५०० जनावरांचं लक्ष्य ठेवून सांभाळलेला. शिकारीचा काही भाग नॅशनल एल्क रेफ्यूजवर (एल्क या मोठ्या हरणांसाठी राखलेल्या अभयारण्यात) होतो आणि तिथले नियम वेगळे आहेत. याच राज्याचा आणखी एक कायदा लक्षात ठेवा: घोषित 'वाइल्डरनेस' क्षेत्रात, म्हणजे रस्ते-वस्तीविना राखलेल्या रानात, परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार गाइड किंवा स्थानिक सोबत्याशिवाय करता येत नाही.

माँटानात हिवाळ्यात यलोस्टोनची हद्द ओलांडून गार्डिनर आणि वेस्ट यलोस्टोनकडे उतरणाऱ्या बायसनांची शिकार होते. बर्फ पडलं नाही तर जनावरं उद्यानाबाहेर येतच नाहीत, आणि आली की अरुंद पट्ट्यात बंदुकांची गर्दी होते. त्याच पट्ट्यात नेझ पर्स आणि इतर आदिवासी राष्ट्रं एकोणिसाव्या शतकातल्या करारांनी राखलेल्या हक्काने शिकार करतात. तो त्यांचा हक्क आपल्या टॅगच्या कितीतरी आधीचा आहे. तिथे जाणाऱ्याने हे ओळखून वागावं. गर्दीतली गोळीबारी मला पसंत नाही, म्हणून मी हे राज्य सुचवत नाही.

साउथ डकोटाच्या कस्टर स्टेट पार्कमध्येही सोडत असते, पण ती उद्यानाच्या कर्मचाऱ्यासोबत होणारी मार्गदर्शित शिकार आहे. वय झालेल्या किंवा डोंगर न झेपणाऱ्या माणसाला ती चांगली.

पॉइंट साठवायचे की नशिबावर सोडायचं?

राज्याप्रमाणे ठरतं. युटा आणि ॲरिझोनात अर्ज नामंजूर झाला की बोनस पॉइंट मिळतो. युटात टॅगांचा अर्धा वाटा सर्वाधिक पॉइंटवाल्यांना जातो आणि उरलेला अर्धा सोडतीने वाटला जातो. त्या सोडतीत जितके पॉइंट जास्त तितक्या संधी जास्त. ॲरिझोनात पहिल्या फेरीत २० टक्के टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांसाठी असतात. दोन्ही राज्यांत परराज्यातल्यांचा वाटा साधारण १० टक्क्यांपुरता. म्हणजे दहा टॅगांचा हंगाम असेल तर तुमच्यासाठी जेमतेम एक. युटात एकच टॅग असेल तर तो सर्वाधिक पॉइंटवाल्यांसाठी राखीव न ठेवता सरळ सोडतीत जातो, म्हणून पहिल्याच वर्षी अर्ज करणाऱ्यालाही आशा असते.

वायोमिंगमध्ये बायसनसाठी पॉइंट नाहीत आणि अलास्कात तर पॉइंट पद्धतच नाही. तिथे पंधरा वर्षं अर्ज करणारा आणि आज पहिल्यांदा करणारा एकाच रांगेत. तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर पॉइंटच्या राज्यात आता सुरुवात करून वरच्या गटात पोचायची अपेक्षा धरू नका. शुद्ध सोडतीच्या राज्यांना प्राधान्य द्या. पंचविशीतल्याने दोन्ही करावं.

युटाची आणखी एक सोय: तिथल्या रहिवाशाला 'आयुष्यात एकदाच' गटातल्या एकाच प्राण्यासाठी अर्ज करता येतो, परराज्यातल्याला मात्र त्या गटातल्या सगळ्यांसाठी. एकदा परवाना घेतलाच आहे तर मूस आणि पहाडी मेंढ्याचे अर्जही त्याच बैठकीत भरून टाका.

एकूण खर्च किती?

तीन वेगवेगळे आकडे धरा. अर्जाचं शुल्क थोडकं असतं आणि ते परत मिळत नाही. अर्ज करण्यासाठी लागणारा परवाना दरवर्षी घ्यावा लागतो. ॲरिझोना आणि अलास्कात तो परराज्यातल्याला १६० डॉलरला पडतो. तिसरा आकडा टॅगचा, आणि तो मोठा आहे: माँटानात १,२५० डॉलर, अलास्कात अमेरिकेत राहणाऱ्या नॉन-रेसिडेंटसाठी ९००, ॲरिझोनात नराचा टॅग पाच हजार डॉलरच्या वर. दर बदलत असतात, तेव्हा भरण्याआधी त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडा.

ॲरिझोना आणि युटात टॅगचे पैसे नाव निघाल्यावर कार्डावरून कापले जातात. नेमकं त्याच आठवड्यात कार्डाची मुदत संपलेली असली किंवा बँकेने मोठी रक्कम संशयास्पद म्हणून अडवली, तर टॅग हातचा जातो. निकालाच्या सुमारास बँकेला कळवून ठेवा. त्यावर प्रवास, गाइड, मांस कापून देणाऱ्या प्रोसेसरचा खर्च वेगळा. मी तर म्हणेन, टॅगच्या किमतीइतकीच रक्कम या बाकीच्यासाठी बाजूला नसेल तर यंदा टॅग न मागता फक्त पॉइंट घ्या.

अर्ज कधी करायचे?

अलास्काची खिडकी १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर आणि निकाल फेब्रुवारीत. युटाची वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास, निकाल मे महिन्यात. ॲरिझोनात बायसनच्या दोन सोडती: शरद हंगामासाठी जूनमध्ये आणि वसंत हंगामासाठी ऑक्टोबरमध्ये. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. खातं उघडणं, सोशल सिक्युरिटी क्रमांक, प्रशिक्षणाचा दाखला जोडणं यात पहिल्या वर्षी वेळ जातो.

प्रशिक्षणाचा दाखला लागतोच का? मी चाळिशी ओलांडली आहे.

बहुधा हो. युटात ३१ डिसेंबर १९६५ नंतर जन्मलेल्यांना, वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ पासून जन्मलेल्यांना, माँटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन सक्तीचं आहे. एका राज्याचा दाखला इतर राज्यं मानतात. जिथे राहता तिथेच करा, आणि ऑनलाइन भागावर न थांबता प्रत्यक्ष मैदानावरचा दिवसही घ्या. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक कधी नव्हती. सुरक्षितपणे ती हाताळायची सवय तिथेच लागते.

नर मागावा की मादी?

मादी. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मी दरवेळी हेच सांगतो. जिथे नर-मादीचे टॅग वेगळे असतात तिथे मादीचा टॅग सहसा स्वस्त असतो, आणि तो लागायची शक्यताही बऱ्याचदा जास्त असते. पूर्ण वाढलेला नर ९०० किलोपर्यंत भरतो, मादी त्याच्या साधारण निम्मी. मादीचं मांस कोवळं. कळपाची संख्या आटोक्यात ठेवायची तर मादीची शिकारच उपयोगी पडते, म्हणजे ज्या कारणासाठी राज्य टॅग काढतं ते कारणही तुम्ही पूर्ण करता. भिंतीवर मोठं मुंडकं हवं असेल तर नर मागा, पण मग सोबत चार धडधाकट माणसं किंवा घोडे असल्याशिवाय हेन्री माउंटन्सचं नाव घेऊ नका.

टॅग लागला! आता काय?

अभिनंदन. आता खरं काम सुरू.

निकालाच्या आठवड्यातच त्या भागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. राज्यांच्या वन्यजीव खात्यातली ही माणसं मनापासून मदत करतात: कळप कुठे असतो, कोणता रस्ता बर्फात बंद होतो, पाणी कुठे आहे. त्यानंतर प्रोसेसर शोधा. एवढं जनावर घ्यायला प्रत्येक जण तयार नसतो, आणि हंगामात त्यांची शीतगृहं भरलेली असतात.

रायफल .३०-०६ किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम या काडतुसाची असली तरी चालेल. गोळी मजबूत, खोल शिरणारी हवी. राज्याचे किमान नियम वाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी कुठे लागते. बायसनचं वशिंड पाहून डोळा फसतो, निशाणा वर जातो आणि गोळी नुसत्या मांसातून आणि मणक्यांच्या उंच काट्यांतून निघून जाते. हृदय खाली असतं, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. जनावर आडवं, मोकळं उभं राहीपर्यंत थांबा. त्याच्या मागे दुसरं जनावर असेल तर चाप ओढूच नका, कारण आरपार गेलेली गोळी त्याला लागते आणि तुमच्याकडे टॅग एकच असतो. एक पडलं की बाकीचे त्याच्याभोवती जमतात, हुंगतात, ढुशा देतात. ते निघून जाईपर्यंत दूर राहा. हे जनावर ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतं.

पडल्यावर लगेच टॅग भरून लावायचा, मग सुरी. कातडी जाड आणि लोकर दाट, आतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून थंडीतही मांस काही तासांत आंबतं. कातडी त्वरित काढा, मांड्या आणि खांदे वेगळे करून सावलीत, वाऱ्यावर टांगा. धारदार सुऱ्या तीन-चार, हाडाची करवत, दोर, कापडी पिशव्या, आणि रबरी हातमोजे. हातमोजे विसरू नका: यलोस्टोन आणि जॅक्सनच्या बायसनांत ब्रुसेलोसिस हा रोग आहे, आणि तो माणसालाही होतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे.

टॅग लागला, पण सुट्टी मिळत नाही. परत करता येतो का?

बहुतेक राज्यांत हंगाम सुरू व्हायच्या आधी परत करायची काही ना काही सोय असते. पैसे परत मिळणं आणि पॉइंट परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युटात ठरलेल्या मुदतीत टॅग परत केला तर पॉइंट राखता येतात. मुदत उलटू देऊ नका. तुमचा टॅग पुढच्या माणसाला जातो, तो त्याला तयारीला वेळ असताना मिळावा.

सोडतीशिवाय दुसरा मार्ग नाही का?

खासगी कुरणावर पैसे देऊन बायसन मारता येतो. कायद्याने ते पाळीव जनावर, त्यामुळे बहुतेक ठिकाणी टॅगही लागत नाही. मांसासाठी तो सरळ मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, पण ती रानटी शिकार नव्हे. कॅनडात युकॉनसारख्या ठिकाणी परदेशी शिकाऱ्याला आउटफिटरमार्फतच, म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था लावणाऱ्या व्यावसायिकामार्फतच, जावं लागतं.

ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने कळप कमी करायला नेमबाज स्वयंसेवक मागवले होते. बारा जागांसाठी दोन दिवसांत ४५ हजारांहून जास्त अर्ज आले, आणि शेवटी चार बायसन मारले गेले. असं पुन्हा निघालं तर जरूर अर्ज करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

राधानगरीचा गवा पाहिलाय. तिकडे कधी अशी परवानगी मिळेल का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि गवा अनुसूची एकमध्ये आहे. दाजीपूरला जा, मनोऱ्यावरून गवा बघा, पहाटे गेलात तर कळपच्या कळप दिसतील. गव्याची आणि अमेरिकन बायसनची जात वेगळी, आणि दोन्ही देशांची जंगलं राखायची रीतही वेगळी. एकीकडचा नियम दुसरीकडे लावून वाद घालू नये.

मांस विमानातून घरी आणता येतं का?

अमेरिकेअंतर्गत हो. पूर्ण गोठवून चेक-इन कूलरमध्ये भरा. ड्राय आइस माणशी अडीच किलोपर्यंत चालतो, पेटीवर तसं लिहावं लागतं आणि वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. पण मादीचंही मांस दोन-तीन कूलरांत मावत नाही, त्यामुळे शक्य असेल तर गाडीनेच जा. टॅगची प्रत मांसासोबत ठेवा, राज्याची सीमा ओलांडताना तपासणी नाक्यावर ती मागतात. रायफल कुलूपबंद कडक पेटीत, रिकामी, काउंटरवर सांगून चेक-इन करायची. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकार परवाना मात्र बॅगेत नको, खिशात ठेवा.